डोंगरावरचा तास: बेळगाव परिसरात चालत चालत शाळेचे विषय कसे शिकवाल

सहल आणि डोंगरावरचा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहलीला दोन बस, शंभर मुले, चार ठिकाणे आणि परतीच्या वाटेवर गाण्याच्या भेंड्या. तासाला बारा-पंधरा मुले, एक डोंगर आणि एक प्रश्न. मजा दोन्हीकडे आहे, पण सहलीच्या साच्यात तास कोंबायला गेलात की दोन्हींचा विचका होतो.

मी बेळगावच्या पश्चिम भागातल्या मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. जमेल तेव्हा वर्ग उचलून बाहेर नेते. नव्याने सुरुवात करणारे शिक्षक आणि पालक मला नेहमी तेच विचारतात: कुठे न्यायचे, परवानगी कुणाची घ्यायची आणि तिथे जाऊन नेमके शिकवायचे काय? त्याची उत्तरे क्रमाने लिहिते आहे.

आपला भाग या कामाला फार सोयीचा आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचे जंगल, वायव्येला चंदगडचे गड, पूर्वेला गोकाक-सौंदत्तीचा कोरडा मुलूख. गाडीने दीड-दोन तास गेलात की पाऊस, खडक, पीक, घरांची छपरे आणि बोली सगळेच बदललेले असते.

१. आधी पाठ्यपुस्तक उघडा, डोंगर नंतर

बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि मग तिथे काय शिकवता येईल ते शोधतात. उलटे करा. येत्या दोन महिन्यांत कुठले धडे येणार आहेत ते पाहा आणि त्यातला एकच धडा निवडा. त्या धड्यातून मुलांना मोजून किंवा पाहून उत्तर देता येईल असा एक प्रश्न काढा. ‘पश्चिम घाटाची माहिती घेणे’ हा प्रश्न नव्हे. ‘या ओढ्याचे पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळते?’ हा प्रश्न. ‘गडाचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे. ‘हा बुरूज किती उंच आहे आणि तो नेमका याच बाजूला का बांधला असेल?’ हा प्रश्न.

धडा वर्गात आधी शिकवून मग डोंगरावर ‘दाखवायला’ नेऊ नका. उत्तर माहीत असलेली मुले शोधत नाहीत, फक्त ओळखतात. प्रश्न घेऊन जा, आकडे घेऊन या आणि सोमवारी धडा उघडा.

२. कुठला धडा, कुठला डोंगर

येळ्ळूरचा राजहंसगड. पहिल्यांदा इथेच जा. शहराजवळ आहे, वरपर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणजे एखाद्या मुलाचा पाय मुरगळला तरी घाबरायचे कारण नाही. वर तटबंदी, बुरूज, सिद्धेश्वराचे मंदिर आणि आता शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा. उंची मोजणे, दिशा, नकाशा, सावली यांसाठी याहून सोयीची जागा जवळपास नाही. खाली येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. जुलैत रोप लागण, नोव्हेंबरात कापणी आणि जानेवारीत कडधान्य, असे तीनदा त्याच जागेवरून तेच शिवार पाहिले तर पीकपद्धतीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. मसुरीच्या मुळांवरच्या गाठी उपटून दाखवायच्या असतील तर शेतमालकाला आधी विचारा. एक रोप तो हसत देतो, न विचारता घेतलेत तर गावभर होते. रविवारी मात्र जाऊ नका. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत कोन मोजणे अशक्य.

कणकुंबी. भूगोलासाठी माझ्या मते जिल्ह्यातली सर्वांत मोलाची जागा. माउली मंदिराजवळ मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जाते. तिथूनच थोड्या अंतरावरचे ओढे पश्चिमेला म्हादईच्या खोऱ्यात उतरतात. म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच पावसाचे दोन शेजारी थेंब दोन समुद्रांना जातात, हे फळ्यावर सांगितले तर मुले वहीत उतरवून घेतात. पाणलोटाच्या माथ्यावर उभे करून दोन्हीकडे बाटलीतले पाणी ओतायला लावले तर पुढे दोन दिवस त्यावर वाद घालतात.

मोठ्या मुलांना इथेच नागरिकशास्त्र शिकवता येते. म्हादईच्या खोऱ्यातले पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचे नाव त्यांनी घरी ऐकलेले असतेच. म्हादई जलतंट्याच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देताना कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. आपल्या गावाला ते किती दिवस पुरेल याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. बाजू कुणाची बरोबर हे तुम्ही सांगू नका. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचा नकाशा पुढे ठेवा आणि प्रत्येक गटाला एकेका राज्याची बाजू मांडू द्या.

गोकाक. घटप्रभेचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच. मुक्तपतनाचे सूत्र लावले तर तेवढ्या उंचीवरून पडायला सव्वातीन सेकंद लागतात. पाण्याचा एखादा ठळक लोंढा नजरेने धरायचा आणि घड्याळ लावायचे. मुलांचे आकडे बहुधा थोडे जास्त येतात, आणि ते का जास्त आले यावरच खरा तास होतो: हवेचा अवरोध, हाताला लागणारा वेळ. १८८७ साली इथे याच पाण्यावर वीज तयार झाली होती. खडकही पाहा. बेळगावच्या पश्चिमेला काळा कातळ आणि त्यावर जांभा. इथे मात्र थरावर थर रचलेला वालुकाश्म. एक लाव्हारसाचा, दुसरा जुन्या पाण्याखाली साचलेल्या वाळूचा. कठड्याच्या आतच राहायचे, हे वेगळे सांगायला नको.

हलशी आणि नंदगड. इतिहासासाठी. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मुलांना मंदिराचा तळआराखडा पावलांनी मोजून काढायला लावा, म्हणजे सममितीचा धडाही त्यातच होतो. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी झाली, त्याची समाधी तिथे आहे. दोन्ही ठिकाणे खानापूर तालुक्यात आहेत आणि एका दिवसात होतात, पण एका दिवसात करू नका.

चंदगडचे गड. महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड. सगळे सुंदर, पण वर्षभर जवळ चालून पाय तयार झाल्यावर. महिपाळगडावर आजही गाव नांदते, वाटेत देवरवाडीचे वैजनाथ मंदिर. हा भाग महाराष्ट्रात येतो, त्यामुळे कागदांचे वेगळे. ते पुढच्या पायरीत.

एवढी यादी वाचून दर महिन्याला नवे ठिकाण करावेसे वाटेल. तसे करू नका. एकच डोंगर धरा आणि वर्षभर त्यावरच जा. पहिल्या खेपेला मुले गड पाहतात, माकडे पाहतात, एकमेकांचे डबे पाहतात. गडावर काय बदलले हे त्यांना तिसऱ्या खेपेपासून दिसू लागते, आणि शिकणे तिथून सुरू होते.

३. परवानग्या आणि कागद

शाळेतर्फे नेत असाल तर:

- मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी, त्यात तारीख, ठिकाण, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक आणि परतीची वेळ
- एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीतला ठराव. हा वर्षाच्या सुरुवातीलाच एकदम करून घ्या, प्रत्येक वेळी बैठक बोलावणे होत नाही
- तालुक्याबाहेर किंवा राज्याबाहेर जायचे असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाचे पत्र. अर्ज कन्नडमध्ये दिला तर फाईल लवकर हलते, हा अनुभव आहे
- प्रत्येक पालकाचे संमतिपत्र: मुलाचे नाव, दोन फोन नंबर, रक्तगट, दमा, फिट, ॲलर्जी, रोजचे औषध
- मुलांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स

संमतिपत्रावर नुसती ‘परवानगी आहे’ अशी सही घेऊ नका. कुठे चालणार, किती चालणार, उन्हात किती वेळ, हे त्यावर लिहा. एकदा दम्याची पोर माथ्यावर धापा टाकू लागली की सही असून उपयोग नसतो.

जंगलासाठी वेगळे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. त्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही. खानापूर बाजूला एखादी पायवाट अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून जाते की नाही हे गावकऱ्याला नव्हे, वन कार्यालयाला विचारा. गावकरी म्हणेल, ‘जावा की, आमी रोज जातो.’ तो रोज जातो हे खरे, पण पंधरा मुले घेऊन जात नाही. भीमगडच्या बारापेडे गुहेत ‘रॉटन’ नावाचे दुर्मीळ वटवाघूळ राहते. तिथे मुलांना न्यायचा विचारही नको, गुहेची माहिती वर्गातच सांगा.

हद्द ओलांडताना भाड्याच्या गाडीचा परवाना पाहा. कर्नाटक पासिंगची टेम्पो ट्रॅव्हलर चंदगडला न्यायची तर महाराष्ट्रात जायचा परवाना आणि कर भरलेला आहे का, हे आदल्या दिवशी मालकाला विचारा आणि कागदाचा फोटो मागवा. ‘काही होत नाही’ हे उत्तर समजू नका. नाक्यावर गाडी दोन तास उभी राहिली तर सकाळच्या सावल्या गेल्याच.

बेळगावचा भुईकोट किल्ला चढाईत बसत नाही, पण लहान मुलांसाठी चांगला आहे: खंदक, दरवाजे आणि १२०४ सालची कमल बस्ती. आत लष्कराचा भाग आहे. फोटो कुठे काढायचा हे पहाऱ्यावर विचारून घ्या. ड्रोन तर घरीच.

तारखेचे एक सांगते. कर्नाटकात महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दप्तराविना शाळा, म्हणजे संभ्रम शनिवार असतो (कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदसोहळा). त्या दिवशी परवानगी मागितली तर नकार द्यायला कारणच उरत नाही.

४. आधी स्वतः चालून या

आठवडाभर आधी, त्याच वेळेला, त्याच वाटेने. पाहायचे ते हे: पाणी कुठे आहे आणि ते पिण्याजोगे आहे का. सावली कुठे आहे. तटावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ लटकले आहे का. मोबाइलला रेंज कुठपर्यंत येते. आणि मुलींसाठी शौचालय कुठे. हा शेवटचा प्रश्न पुरुष शिक्षक हमखास विसरतात आणि मग मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. पायथ्याच्या गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आधी शब्द टाकून ठेवा. परत येताना त्या शाळेतल्या मुलांना तुमची मोजमापे दाखवा, पुढच्या वेळी तेही येतात.

मोठ्या माणसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा. मोजत, चित्र काढत, भांडत जाणारी सहावीची मुले तासाला दोन किलोमीटरच्या वर जात नाहीत.

५. पिशवीत काय

गटाला एक संच पुरतो. चार मुलांचा गट करा.

- कंपास पेटीतला कोनमापक, दोरा, छोटा दगड
- शरबताची नळी
- ३० मीटरची मोजपट्टी, किंवा मीटर-मीटरवर गाठी मारलेली सुतळी
- होकायंत्र
- लोहचुंबक, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला
- भिंग
- थर्मामीटर, अंगाचा ताप मोजायचा नव्हे, प्रयोगशाळेतला
- एक मीटरची सरळ काठी
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेनाची शाई घामाने फुटते
- भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, त्या भागाचा तुकडा मोठा करून

प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, टोपी, बूट. चप्पल घालून आलेल्याला परत पाठवायची तयारी ठेवा, एकदा पाठवलेत की पुन्हा कुणी चप्पल घालत नाही. डब्यात भाकरी, झुणका, शेंगाचटणी चालते. पहिल्या फेरीला एक पोर हमखास कुंदा घेऊन येते आणि मुंग्यांचा तास न मागता होतो.

तुमच्याजवळ: ओआरएस, पट्ट्या, जंतुनाशक, चिमटा, शिट्टी, संमतिपत्रांचा गठ्ठा. दर आठ मुलांमागे एक मोठे माणूस. त्यातले एक नेहमी सर्वांच्या मागे.

६. गडावरचे गणित

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण शिक्षक इथेच कचरतात.

पाऊल मोजणे. पायथ्याला ३० मीटर अंतर आखा. प्रत्येकाने नेहमीच्या चालीने तीनदा चालायचे, पावले मोजायची, सरासरी काढायची. आता प्रत्येकाला स्वतःच्या पावलाची लांबी माहीत झाली. दिवसभर तीच मोजपट्टी. वर्गातली सगळ्यांची पावले एका तक्त्यात घातली की सरासरी, मध्यक, बहुलक या तिन्हींचे उदाहरण तयार. आकडे स्वतःच्या पायांचे असल्याने ‘सर, हे परीक्षेला येतंय का?’ असे कुणी विचारत नाही.

बुरुजाची उंची. कोनमापकाच्या सरळ कडेला नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला दगड बांधा. नळीतून बुरुजाचे टोक पाहायचे, दुसऱ्याने दोरा कुठल्या अंशावर आहे ते वाचायचे. ९० मधून जो फरक येतो तो उन्नत कोन. बुरुजाच्या पायापासून २० मीटरवर उभे राहून कोन ३० अंश आला, तर उंची २० × ०.५७७, म्हणजे साडेअकरा मीटर. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. ही शेवटची बेरीज दहापैकी सात गट विसरतात. विसरू द्या. आकडे जुळले नाहीत की ती चूक त्यांची तेच शोधतात.

नेहमीचा घोळ: बुरुजाच्या पायाशी जाताच येत नाही, मध्ये खंदक किंवा झाडोरा. मग दोन जागांवरून कोन घ्या. आधी लांबून ३० अंश, मग सरळ रेषेत पुढे चालत जाऊन ४५ अंश होईल तिथे थांबा. दोन जागांमधले अंतर भागिले ०.७३२, त्यात डोळ्यांची उंची मिळवली, की बुरुजाची उंची आली. दहावीच्या त्रिकोणमितीच्या उपयोजनातले हे नेमके गणित आहे. जमीन सपाट हवी. उतारावर केलेत तर उत्तर चुकणार, आणि किती चुकले यावर नववीचा हुशार गट आणखी अर्धा तास घालवणार. घालवू द्या.

तीन गटांनी एकाच बुरुजाची उंची मोजली तर तीन उत्तरे येतील. खरे उत्तर कुठले, असे मुले विचारतात. सांगू नका. तुम्हालाही ते ठाऊक नसते.

सावली. काठी सरळ रोवा. ती सरळ आहे का ते ओळंब्याने पाहा. अकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, साधारण साडेबाराला पडते. कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालते आणि आपण ७४.५ अंशांवर आहोत. आठ अंश गुणिले चार मिनिटे म्हणजे बत्तीस मिनिटे. वर्षभर यात थोडा मागेपुढे फरक पडतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे ८२ सेंटिमीटर भरते, कारण तेव्हा दुपारचा सूर्यही जेमतेम ५१ अंश वर असतो. आखूड सावलीची रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. तिच्याशी होकायंत्र ताडून पाहा.

७. दगड, माती, पाणी

जांभा आपल्याकडे घराच्या चिऱ्यात, विहिरीत, कुंपणात सगळीकडे आहे, म्हणून मुलांना तो शिकायचा विषय वाटत नाही. ताजा फोडलेला जांभा आणि उन्हापावसात राहिलेला जांभा नखाने खरवडायला लावा. आतला मऊ, बाहेरचा टणक. पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, त्याचा हा लाल रंग. वाळलेल्या लाल मातीवर चुंबक फिरवा, काळसर कण चिकटतात. ॲल्युमिनियम जास्त साचले तर तेच बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर ते काढतात आणि बेळगावच्या हिंडाल्कोत त्यापासून ॲल्युमिना बनते. वर्गातल्या एखाद्या मुलाचे काका तिथे कामाला असतातच. दहावीच्या धातुविज्ञानाचा धडा असा घराशी येऊन भिडतो.

काळ्या दगडातले पांढरे ठिपके काय आहेत हे पाहायला व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट असण्याची शक्यता. हे फक्त वाटेवरच्या सुट्या दगडावर करायचे. तटावर, शिलालेखावर, मूर्तीवर कधीही नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात घाटाकडच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी पठारांवर, तेरडा, सोनकी, सीतेची आसवे फुलतात. पातळ, नत्र कमी असलेल्या मातीत दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती सापडते. ती बोटाएवढीही नसते, त्यामुळे पाय ठेवण्याआधी पाहायला शिकवा. उपटून वहीत चिकटवणे बंद, चित्र काढा.

उकळत्या पाण्याचा प्रयोग डोंगरावर करू नका. वाळलेल्या गवताला आग लागायला ठिणगी पुरते. पायथ्याच्या शाळेच्या पडवीत करा. आपल्या उंचीवर पाणी १०० नव्हे, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांवर उकळते. थर्मामीटर बिघडला आहे असे मुले ठामपणे सांगतात.

पावसासाठी मापक लागत नाही, छपरे पाहा. कणकुंबी-जांबोटीकडे उतरत्या कौलांची घरे, भिंतींना शेवाळ. पूर्वेला सौंदत्ती-अथणीच्या वाटेवर जुन्या घरांना सपाट मातीची माळवदे. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२००-१३०० मिलिमीटर पाऊस. पूर्वेकडच्या तालुक्यांत त्याच्या निम्म्याच्या आसपास, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. बसच्या खिडकीतून छपरांचा कोन नोंदवत गेले तरी पर्जन्यछायेचा प्रदेश डोळ्यांपुढे येतो.

८. भाषेचा तास फुकट मिळतो

मराठी शाळेतल्या मुलांना कन्नड जड जाते, हे आपल्याला माहीत आहे. वाटेवरचे मैलाचे दगड, ग्रामपंचायतीच्या पाट्या, वन खात्याचे फलक हे सगळे कन्नडमध्ये असते. प्रत्येक गटाने पाच पाट्या वहीत उतरवायच्या आणि परतताना वाचून दाखवायच्या. मराठीसाठी शेतातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला लावा. ‘काय मोजूलात रे?’ असे ते स्वतःच विचारतात. शेताचे, ओढ्याचे, खडकाचे नाव विचारायचे आणि नकाशात भरायचे. सरकारी नकाशात यातली निम्मी नावे नसतात.

९. धोके, आणि त्यावर वाद नको

पाणी. घोट्याच्या वर पाण्यात कुणीही उतरायचे नाही, मोठे माणूससुद्धा नाही. वज्रपोहा धबधबा असो की गावचा ओढा, नियम एकच.

वीज. एप्रिल-मेच्या वळवात दुपारनंतर माथ्यावर थांबायचे नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद भागिले तीन म्हणजे किलोमीटरमधले अंतर. हे खाली सुरक्षित जागी बसून मोजायचे.

मोहोळ. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर डोके झाकून वाटेने खाली यायचे. कड्याकडे पळायचे नाही.

साप. जांभ्याच्या सड्यावर फुरसे असते, दगड हाताने उलटायचा नाही. चावल्यास पट्टी आवळणे, चिरा देणे, मंत्र यात वेळ घालवू नका. अवयव हलू न देता थेट रुग्णालय. १०८ आणि ११२ दोन्ही राज्यांत चालतात. तरीही जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा.

गोचीड. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा ताप गोचिडीमुळे पसरतो. डिसेंबर ते मे या काळात जंगलात पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. मेलेले माकड दिसले तर तिथून मागे फिरायचे आणि आरोग्य केंद्राला कळवायचे. घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ, अंग तपासणे, कपडे वेगळे. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगा, हे पालकांच्या चिठ्ठीत लिहा.

खानापूर आणि चंदगडच्या जंगलांत गवा आणि अस्वल आहे. म्हणून पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी जंगलवाटेने मुलांना न्यायचे नाही.

१०. परत आल्यावर

त्याच दिवशी निबंध लिहायला सांगू नका. ‘मी पाहिलेला गड’ हा निबंध पोरांनी इतक्यांदा लिहिलेला असतो की तो न जाताही लिहिता येतो. त्याऐवजी सोमवारी वर्गात आकडे फळ्यावर मांडा, पुस्तकातला धडा उघडा आणि आपले आकडे पुस्तकाशी कुठे जुळतात, कुठे नाही, ते पाहा. गटाच्या वह्या गोळा करून वर्गातच ठेवा, घरी गेल्या की परत येत नाहीत. पुढच्या खेपेला त्याच वह्या, त्याच खडकापाशी, पुढच्या पानावर.

मेमध्ये शाळा नसते, पण एक काम घरी देऊन ठेवा. ४ मेच्या सुमारास बेळगावात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. निपाणीला आजोळी गेलेल्या मुलाला हे साधारण दोन दिवस उशिरा दिसेल, कोल्हापूरला गेलेल्याला तीन. प्रत्येकाने आपल्या गावची तारीख लिहून आणायची. जूनमध्ये शाळा उघडली की त्या तारखा आणि गावांचे अक्षांश यांचा आलेख हा पहिला तास. मे ढगाळ गेला तर हाच योग ८-९ ऑगस्टलाही येतो, फक्त तेव्हा आपल्याकडे ऊन दिसेलच याची खात्री कुणी देऊ नये.